चहाच्या रंगाच्या पाण्यातली वीण

मासे पाळणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि मी स्वतः गेली बरीच वर्षं मासे पाळते. त्यामुळं हे मत ऐकीव नाही, जवळून बघून बनवलेलं आहे.

सांगलीत आमच्या कॉलनीत पाच-सहा घरांत काचेचे टँक आहेत. कोपऱ्यावरच्या बंगल्यात कपाळावर टेंगूळ आलेला एक लाल फ्लॉवरहॉर्न आहे. तो कुठून येतो, काय खातो, कसा जगतो, यातलं त्या घरात कोणाला काही ठाऊक नाही. वास्तुतज्ज्ञानं ईशान्येला मासा ठेवा म्हटलं, यांनी ठेवला. त्यानं टीव्ही ठेवा म्हटलं असतं तर टीव्ही ठेवला असता. समोरच्या बाईंकडं गोल्डफिश असतात. असतात म्हणजे येतात आणि जातात. एक मेला की बाई सांगत येतात, घरावरचं काहीतरी मोठं संकट त्यानं स्वतःवर घेतलं. महिनाभर पाणी बदललं नव्हतं, हे त्यांना सुचत नाही. इतकी संकटं टळलेलं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. नवरा फौजेत आहे, वर्षातून दोनदा येतो. घरात मी आणि सासरे. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. तेही फौजेतूनच निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर आष्ट्याजवळची ऊसशेती वाट्यानं देऊन ते माझ्याकडं राहायला आले, ते एक ट्रंक, एक घोंगडं आणि दाढीचं सामान घेऊन. पहिल्याच दिवशी माझ्या टँकसमोर उभं राहून त्यांनी पाहणी केली आणि विचारलं, "पोरी, ही मासं हायत का सुतळीचं तुकडं?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ड्वार्फ पाइक सिक्लिड हा मासा दिखाऊ नाही. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला, बोटाएवढा, पेन्सिलीसारखा बारीक, लांब तोंडाचा आणि मोठ्या डोळ्यांचा. तो इतर माशांसारखा मिरवत फिरत नाही. तळाला पोट टेकून बसतो, मान वळवल्यासारखा डोळा फिरवतो, आणि जिवंत काही हललं की झेप घेतो. कोरडं खाणं त्याच्यापुढं टाकलं तर तो त्याच्याकडं बघतो आणि मग टाकणाऱ्याकडं बघतो. मला तो आवडला याचं कारण बहुतेक हेच. जगाकडं बघण्याची त्याची आणि माझी तऱ्हा सारखी आहे.

आमच्या भागातल्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कराड, सातारा, सांगली, फलटण, सगळीकडचे पुरुष आणि त्यात मी. हे लोक एकमेकांना सर म्हणतात, शिकवत कोणीच नाही. रोज सकाळी कोणीतरी माशाचा फोटो टाकतो आणि खाली वीस जण 'कडक सर' लिहितात. कोणाचा मासा आजारी पडला तर वीस जण वीस औषधं सांगतात. तो सगळी घालतो, मासा मरतो, आणि मग पुन्हा वीस जण हात जोडलेली चित्रं टाकतात. हे सगळं मी रोज वाचत होते. दुसऱ्यांचा मूर्खपणा बघण्यात एक सुख असतं आणि ते मला नको होतं असं मी म्हणणार नाही.

ग्रुपचे ॲडमिन साताऱ्याचे. त्यांच्या हॉलमध्ये सहा फुटी टँक आहे, त्यावर सराफाच्या दुकानात असतात तसे दिवे, आणि तळाला निळे खडे. एका रविवारी त्यांच्याकडं सगळे जमले होते. मीही एसटीनं गेले. बोलता बोलता मी म्हणाले की मला ड्वार्फ पाइकची वीण घ्यायची आहे. सगळे एकमेकांकडं बघून हसले.

"मॅडम," ॲडमिन म्हणाले, "ती जात आपल्या भागात निपजत नाही. मी स्वतः तीनदा करून बघितलंय."

"पाणी कुठलं होतं?"

"आपलं बोअरचं."

"त्याचा पीएच किती? क्षार किती?"

"तसलं काय आपण बघत नाही. आपलं सगळं अनुभवावर चालतं." मग त्यांनी पेढ्यांचं ताट माझ्यापुढं धरलं. "तुम्ही मॉली करा. बायकांना छान जमतं. रंगीत असतात, पिल्लं आपोआप होतात."

बाकीचे मोठ्यानं हसले. मी पेढा खाल्ला आणि घरी आले. चिडून मी आयुष्यात बरीच कामं केली आहेत, एमएस्सी त्यातलंच एक. साताऱ्याहून सांगलीपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून मी ठरवलं की या माणसाला माझ्या घरी बोलवायचं, माझ्या टँकसमोर उभं करायचं आणि ड्वार्फ पाइकची पिल्लं दाखवायची. फोटो नाही पाठवायचा. फोटोला तो 'कडक मॅडम' म्हणाला असता आणि मनात म्हणाला असता, इंटरनेटवरनं उचललाय. त्याला जिवंत दाखवायची. मला दुसरं काही नको होतं.

माझ्याकडचे आधीचे एकेक करून संपले होते, म्हणून नवे मासे कोलकात्याहून मागवले. मिरज स्टेशनावर थर्मोकोलचा खोका घ्यायला गेले तेव्हा पार्सलच्या माणसानं आत काय आहे विचारलं. मासे म्हटल्यावर त्यानं खोक्याचा वास घेतला आणि म्हणाला, "वास न्हाई येत, ताजं दिसत्यात." सहा पिल्लं होती. दोन वाटेतच गेलेली. उरलेल्या चारांनी मोठं होता होता आपसात हिशेब चुकता केला. सगळ्यात मोठ्या नरानं एकाला कोपऱ्यात दाबून मारलं, दुसऱ्याला इतकं पळवलं की तो झाकणाच्या फटीतून बाहेर उडी मारून फरशीवर वाळून गेला. उरले एक नर आणि एक मादी. तेवढेच हवे होते. मादीच्या पाठीवरच्या परावर पांढऱ्या कडेचा काळा ठिपका असतो, त्यावरून ती ओळखू येते.

या माशाला मऊ पाणी लागतं, जवळजवळ पावसाच्या पाण्यासारखं. आमच्या बोअरचं पाणी बादलीत आठवडाभर ठेवलं तर बादलीला पांढरा थर चढतो. म्हणून मी पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरायला लागले आणि त्यात देशी बदामाची वाळलेली पानं घालायला लागले; त्यांतलं टॅनिन पाणी किंचित आम्लधर्मी ठेवतं आणि अंड्यांना बुरशी धरू देत नाही. कॉलेजच्या मैदानाकडेला बदामाची दोन झाडं आहेत. डबे खाऊन झाल्यावर मी पिशवी घेऊन खाली पडलेली पानं वेचायचे. स्टाफरूममध्ये याची चर्चा झाली. एकीला वाटलं गुडघ्यावर बांधायला, दुसरीला वाटलं कसलंतरी व्रत आहे, आणि मराठीचे एक सर म्हणाले की मॅडमना निसर्गाची ओढ आहे. मी कोणालाच काही सांगितलं नाही. ज्यांना पान बघून व्रत आठवतं त्यांना टॅनिन समजावण्यात अर्थ नसतो.

पानांनी पाणी चहाच्या रंगाचं झालं. मामांना ते पाणी सहन होईना.

"पोरी, नाल्याचं पाणी बरं ह्याच्यापरीस."

"मामा, त्यांना असंच लागतं."

"आसंल बाबा," ते म्हणायचे, आणि तिथंच स्टूल ओढून बसायचे. त्यांना मोतीबिंदू होता, ऑपरेशन ते पुढं ढकलत होते. बारीकसारीक काही दिसायचं नाही, पण हालचाल दिसायची. दुपारभर मी कॉलेजात असताना ते त्या घाणेरड्या पाण्यापुढं बसून असत. मला ते ठाऊक होतं आणि त्यांचं काय मत असेल हे मी कधी विचारलं नाही.

खाण्यासाठी मी गच्चीवर एका बादलीत डासांच्या अळ्या वाढवत होते. महापालिकेची डेंग्यूची तपासणी आली. दोन बाया आणि एक साहेब गच्चीवर गेले, बादलीत बॅटरी मारली आणि हरखून गेले. आख्ख्या कॉलनीत इतक्या अळ्या त्यांना एका जागी मिळाल्या नव्हत्या. मी म्हणाले, रोज सकाळी सगळ्या गाळून माशांना घालते, एक डास उडू देत नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच असं वागल्यावर?" आणि बादली माझ्यासमोर उलटी केली. मी त्यांना फाटकापर्यंत मोठ्यानं सुनावत गेले. त्याच कॉलनीत फ्लॉवरहॉर्नच्या बंगल्यामागं फुटक्या टाकीत वर्षभराचं पाणी साचलेलं होतं. तिथं साहेब गेलेच नाहीत, कारण तिथं कुत्रा होता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मादीचं पोट गुलाबी झालं. या जातीत मादी नराला पटवते. ती अंग धनुष्यासारखं वाकवून गुलाबी पोट त्याच्यासमोर नाचवते आणि थरथरते. नर दोन-तीन दिवस काही कळत नसल्यासारखा बघत बसला. मग दोघं नाहीशी झाली. मळ्यातल्या ठिबकाच्या कामातून उरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे मी गुहा म्हणून तळाला ठेवले होते, त्यातल्या एकात ती दोघं शिरली. दोन दिवसांनी बॅटरी लावून आत बघितलं तर पाइपच्या छताला अंडी लटकलेली. इवल्याशा देठांवर, साबुदाण्याहून लहान. माझ्या तोंडून ओरडणं बाहेर पडलं. मामा काठी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप.

पुढचे दहा-बारा दिवस मी कॉलेजात काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही. मादी नराला जवळ येऊ देईना म्हणून त्याला उचलून छोट्या टँकमध्ये वेगळं ठेवलं. अंडी फुटली, पिल्लं तळाला वळवळायला लागली, आणि एका सकाळी आईच्या मागं पोहत बाहेर आली. मी तीनदा मोजली. एकतीस. प्रत्येक पिल्लू पापणीच्या केसाएवढं, पण तळाला पोट टेकून बसण्याची तीच ऐट. मला रडू आलं हे इथं लिहिते, कारण नंतर या प्रकरणात मी फार कोरडी वागले असं कोणाला वाटायला नको.

ॲडमिनला निरोप पाठवला. 'ड्वार्फ पाइकची एकतीस पिल्लं. येत्या रविवारी सकाळी बघायला या. इतरांनाही आणा.' ॲडमिननं एक अंगठा पाठवला.

त्याच आठवड्यात मला प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला फलटणच्या एका कॉलेजात जावं लागलं, शुक्रवार आणि शनिवार. बाहेरचा परीक्षक हा या राज्यात जावयासारखा असतो. दोन दिवस ओल्या भेळेपासून श्रीखंडापर्यंत सगळं खाऊ घालतात आणि मीठ ओळखता न आलेल्या मुलांसाठी विसातले अठरा मागतात. जाणं टाळता आलं नाही. पिल्लांना दिवसातून तीनदा नुकती फुटलेली आर्टेमिया घालावी लागते, म्हणजे बाटलीत मिठाच्या पाण्यात तयार होणारे बारीक नारिंगी किडे. ते काम मी मामांना शिकवलं. त्यांनी ते ड्युटी म्हणून घेतलं. सातला, बाराला, पाचला. ड्रॉपर किती भरायचा, त्यावर बॉलपेननं खूण करून घेतली.

"बाकी कशाला हात लावू नका," मी म्हणाले.

"न्हाई लावत."

"रविवारी ती माणसं येणार आहेत."

"पाव्हणं येणार म्हन की. मग घर नीट लावाया पायजे."

"घराचं बघा तुम्ही," मी म्हणाले आणि एसटी पकडली. फलटणहून मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी रिपोर्ट दिला: सात वाजता दिलं, बारा वाजता दिलं, सगळं ठीक.

शनिवारी संध्याकाळी दार उघडलं तर घर लखलखत होतं. पडदे धुतलेले, फरशी पुसलेली, चपला ओळीत. मामा टँकच्या शेजारी उभे होते, हात मागं बांधून.

"बघ," ते म्हणाले.

टँकमधलं पाणी इतकं स्वच्छ झालं होतं की पाणी आहे हेच कळेना. मागची भिंत आरपार दिसत होती. तळाला मात्र मऊ तपकिरी साय धरली होती आणि त्या सायीत पांढरे बारीक तुकडे अडकले होते. मादी पाइपच्या तोंडाशी आडवी पडली होती, कल्ले उघडे.

"काय केलं मामा?"

"काय न्हाई. तुरटी फिरवली. पाव्हण्यांम्होरं आसलं पाणी? तुझी काय शोभा ऱ्हाईल? मोजून पंधरा फेरं. बघ की कसं काचंगत झालंय."

मामांच्या तुरटीला आमच्या कॉलनीत इतिहास आहे. महापुरात आम्ही सगळे एका शाळेत होतो. टँकरचं पाणी गढूळ यायचं. मामा पिंपापाशी बसून तुरटीचा खडा फिरवायचे, फेरे मोजायचे, आणि निवळल्याशिवाय कोणाला तांब्या बुडवू द्यायचे नाहीत. त्या शाळेत एकाचंही पोट बिघडलं नाही. तोच खडा ते दाढी झाल्यावर गालावरही फिरवतात. त्या माणसाच्या दृष्टीनं गढूळ पाण्याला एकच उत्तर होतं आणि ते त्यांच्या खिशात होतं. मऊ पाण्यात तुरटी पडली की आम्ल एकदम चढतं आणि त्यातलं ॲल्युमिनियम माशांचे कल्ले बंद करतं, हे अकरावीच्या मुलाला सांगितलं तर कळेल. मामांना मी कधी काहीच सांगितलं नव्हतं.

"कसं झालंय पाणी?" त्यांनी पुन्हा विचारलं. पिल्लं त्यांना आधीही दिसत नव्हतीच. मादी पाइपमध्ये असेल असं ते धरून चालले होते.

"छान झालंय," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन भात लावला.

रविवारी सकाळी ॲडमिनना येऊ नका असा निरोप पाठवला तेव्हा ते इस्लामपूर ओलांडून आले होते. तिघं जण आले. बूट दाराशी काढून, नमस्कार करून, थेट टँककडं. पिल्लं मी बशीत काढून ठेवली होती, गडद निळ्या बशीत, आणि शेजारी मादी. दुसरा काही पुरावा द्यायचा राहिला नव्हता. ॲडमिननं बशी खिडकीशी नेली, चष्मा काढून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आहेत पिल्लं," ते म्हणाले. "मानलं मॅडम." आणि मग, "मेली कशानं?"

त्याच वेळी मामा पोह्यांचा ट्रे घेऊन आतून आले. त्यांना बशी दिसली, तिच्यातली मादी दिसली. ते थांबले. बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"तुरटी," मी म्हणाले. "मीच फिरवली. तुम्ही येणार म्हणून पाणी जरा निवळावं म्हटलं."

तिघांनी माझ्याकडं पाहिलं. मग एकाला हसू आवरेना. "मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीच्या ना?" ॲडमिन मात्र हसले नाहीत. त्यांनी कीव केली, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "होतं असं. अनुभव लागतो. म्हणून म्हणलं होतं, मॉलीपासून सुरुवात करा." त्यांनी पोहे दोनदा घेतले. जाताना बशीचा फोटोही काढला. कराडपर्यंत पोचायच्या आत तो ग्रुपवर होता, आणि खाली वीस जणांनी हात जोडलेले होते.

खरं सांगायचं तर ती माणसं गेल्यावर मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. आयुष्यभर ज्यांना मूर्ख म्हटलं त्यांच्यासमोर मी मूर्ख ठरले आणि तेही एका म्हाताऱ्या माणसासाठी. यापेक्षा मोठं मन कोणाचं असणार, असं काहीतरी मी भांडी आवरताना मनात म्हणत होते.

मामा कपबशा घेऊन आले. त्या मोरीत ठेवल्या आणि तिथंच उभे राहिले.

"तुरटी मी फिरवली," ते म्हणाले.

"हो मामा."

"मग तू फिरवली म्हनून का सांगितलंस?"

"जाऊ द्या. ते कोण लागून गेलेत."

"त्येंचं न्हाई इचारत मी. मासं तुरटीनं मेलं?"

"हो."

"तुला काल आल्या आल्या कळलं व्हतं?"

मी मान हलवली.

"आन मी दोनदा इचारलं, पाणी कसं झालंय. तू म्हनलीस, छान." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पलटणीत चुकलं की सुभेदार आईवरनं शिव्या द्यायचा. वाईट वाटायचं. पन तेवडं कळायचं, की ह्यो आपल्याला कामाचा मानूस समजतो. ज्याला तो काय बोलायचाच न्हाई, त्याला महिन्याभरात भांडारात धाडायचा, कांदं मोजाया."

"मामा, तसं नाही."

"तसंच हाय. समद्यांस्नी बोलतीस तू. दुकानदाराला बोलतीस, तुझ्या प्रिन्सिपलला बोलतीस, नवऱ्याला फोनवर बोलतीस. ती महापालिकेची मानसं आली तवा सगळी कॉलनी ऐकत व्हती. मला न्हाई कवा बोललीस. इतकी वर्सं. मला वाटायचं, मान ठेवतीस."

कोपऱ्यावरच्या बंगल्याला, समोरच्या बाईंना, स्टाफरूमला, ॲडमिनला, सगळ्यांना मी नावं ठेवली होती, आणि त्यांच्यात मामा नाहीत याचा मला अभिमान होता. त्यांना मी त्या लायकीचंही धरलं नव्हतं. पाणी तपकिरी का ठेवते, हे मी त्यांना एका वाक्यात सांगू शकले असते. पिंपं निवळणाऱ्या माणसाला ते चटकन कळलं असतं. त्यांना असंच लागतं, एवढंच मी म्हणत आले होते, लहान मुलाला सांगावं तसं.

हात पुसले आणि त्यांच्याकडं वळले.

"हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना मामा तुम्हाला?"

"व्हय."

"मग का लावला?"

ते ताठ उभे राहिले, हात बाजूला, नजर समोर. आणि मी बोलले. विचारल्याशिवाय काहीही का केलं, दोनदा फोन आला तेव्हा सांगितलं का नाही, रोज समोर बसून इतके दिवस काय बघितलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन किती दिवस टाळणार, तुरटी म्हणजे सगळ्या रोगावर औषध आहे का, तशी मादी आता पुन्हा कुठून आणायची, एकतीस जीव होते मामा, एकतीस. माझा आवाज समोरच्या बाईंपर्यंत गेला असणार. बोलता बोलता मला रडू आलं आणि मी रडत रडत बोलत राहिले. टॅनिन सांगितलं, आम्ल सांगितलं, ॲल्युमिनियम सांगितलं.

दम लागला तेव्हा थांबले. मामांचे डोळे भरले होते, पण मान तशीच ताठ होती.

"आजून हाय का काय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग बोल."